खांबावरची रेघ

रांगेत सदतीस माणसं होती. आइलानं दोनदा मोजली होती. उन्हात उभं राहून दुसरं करायचं तरी काय? ब्रिस्बेनमध्ये भाड्याचं घर बघायचं म्हणजे शनिवारी पंधरा मिनिटं दार उघडतं. तेवढ्यात सगळ्यांनी आत घुसायचं, नळ सोडून बघायचे, आणि एजंटबाईपुढे दाखवायला आणलेल्या मुलीसारखं गोड हसायचं. आइलाचा हा तिसरा शनिवार होता. तिचं हसू पहिल्याच शनिवारी संपलं होतं.

त्यात तिच्या पुढचा माणूस! रंगाच्या डागांनी भरलेली अर्धी चड्डी, दारात अडकतील असे खांदे, आणि चेहरा असा की जणू या रांगेतही मजा आहे. तो पुढच्या जोडप्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेलं. मग तो आणखी पुढच्या बाईशी बोलला. तीही गेली.

आइलाच्या भुवया वर चढल्या. मग तो तिच्याकडे वळला.

"एक सांगू? हे घर घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "खाली पाणी येतं."

"अस्सं! म्हणजे मी घरी जायचं, हीही जाणार, तोही जाणार... आणि घर तुमच्या घशात?"

"मला घर आहे."

"मग इथे काय हवा खायला उभे आहात?"

"हो ना," तो हसला. "छान हवा आहे. शेजारी चिडलेलं माणूस असलं की आणखी छान लागते."

"मी चिडलेली नाही!"

"नाहीच. कान लाल झालेत ते... उन्हानंच असतील."

आइलानं तोंड फिरवलं. पण कान झाकायला हात वर गेलाच, आणि तो त्यानं बघितला, म्हणून तिला आणखी राग आला.

खरं तर रागावायला तिच्याकडे कारणं भरपूर होती. माउंट आयझाच्या खाणगावातून अठराशे किलोमीटर गाडी हाकत ती या शहरात आली होती. इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी मिळाली होती, आणि दहा दिवसांनी, मंगळवारी, आर्वो, तिचे वडील, विमानानं यायचे होते. तीस वर्षं जमिनीखाली घालवलेला माणूस. गुडघे खाणीनं खाल्लेले. एक पायरी चढायची म्हणजे त्यांना देव आठवायचा. आणि या शहरातली जुनी घरं तर उंच खांबांवर! परवडणारी, बिनपायऱ्यांची आणि चोराचिलटांची भीती नसलेली जागा एवढंच तिला हवं होतं. पण चांगल्या वस्तीत भाडं ऐकून घेरी यायची, आणि भाडं परवडेल तिथे नाव काढलं की इस्पितळातल्या बायका डोळे मोठे करायच्या.

हे चौदा नंबरचं घर मात्र जमत होतं. मालकानं खांबांच्या मधे भिंती घालून खाली दोन खोल्या काढल्या होत्या. रस्त्यावरून थेट आत, एकही पायरी नाही. वस्तीतल्या चोऱ्यामाऱ्यांचे तीन वर्षांचे आकडे तिनं काढले होते, रस्त्यावरचे दिवे मोजले होते. पाण्याचा विचार तिच्या मनालाही शिवला नव्हता. तिच्या गावात नदी म्हणजे वर्षातले अकरा महिने वाळू. नदीला पाणी आलं की अख्खं गाव खुर्च्या घेऊन पुलावर बघायला जायचं!

तिनं अर्ज भरला, सही केली, आणि बाहेर पडते तोच आभाळ फाटलं. नोव्हेंबरातलं वादळ ते, सांगून थोडंच येतं? टपोऱ्या गारा पडायला लागल्या तशी ती शेजारच्या घराखाली पळाली. मोकळे खांब, दोरीवर कुणाचे तरी टॉवेल, आणि एका खांबाला टेकून तोच तो, चड्डीवरच्या डागांसकट.

"नशीब!" ती पुटपुटली.

"माझंही," तो म्हणाला. "मी सेमिसी. सेमिसी लातू."

"मी नाव विचारलं नव्हतं." मग थोड्या वेळानं... "आइला."

पावसात मधेमधे काही ऐकू येईना. तो नुसता बोटानं खांब दाखवत होता. त्यावर आडव्या रेघा होत्या, आणि प्रत्येकीशेजारी खिळ्यानं कोरलेलं साल. घरात मुलांची उंची मोजतात तशा. सगळ्यात वरची रेघ सेमिसीच्या छातीला लागत होती.

"मुलं मोठी झाली वाटतं यांची," आइला म्हणाली.

"मुलं नाहीत. नदी. ही रेघ मागच्या मोठ्या पुराची."

आइला खांबाला लागून उभी राहिली. रेघ तिच्या हनुवटीला लागली. तिला एकदम बाबा आठवले, खुर्चीत बसलेले.

"चौदा नंबरच्या खांबांवर तर काहीच नव्हतं," ती म्हणाली. "पांढरेशुभ्र होते."

सेमिसी आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांत अजून पांढरा रंग होता.

"मीच रंगवले," तो म्हणाला. "एजंटबाईंना मी विचारलं होतं, ही रेघ ठेवायची का. त्या म्हणाल्या, पैसे रंगाचे देतेय, प्रश्नांचे नाही. आणि मी... मारले रंगाचे दोन हात."

आता मात्र आइलाचा संयम सुटला. "लाज नाही वाटत? पुसायचं पण तूच, आणि शनिवारी येऊन कानात कुजबुजायचं पण तूच? केवढं ते पुण्य! मोठ्यानं बोलायला काय जीभ झडते?"

"बारा घरं रंगवायला आहेत त्या एजन्सीची माझ्याकडे. मोठ्यानं बोललो तर एकही राहणार नाही."

"म्हणजे पोटासाठी."

"हो," तो म्हणाला. "पोटासाठी."

त्यानं जरा तरी सबब सांगायची होती! इतकं सरळ कबूल केल्यावर भांडायचं तरी कशाशी? आइलानं दुसरंच विचारलं, "राहतोस कुठे तू?"

"बेलबर्ड टेकडीवर."

आइलाचा हात आपोआप खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. टेकडीचं नाव तिनं यादीतून सगळ्यात आधी खोडलं होतं. तिथे जाऊच नका, सगळे सांगत होते. प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेले लोक, अंगणात मोडक्या गाड्या, काय काय!

सेमिसीनं तो हात बघितला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "घाबरू नका," तो म्हणाला. "पाकिटं मारायला मी शनिवारी सुट्टी घेतो."

गारा थांबल्या नव्हत्या तरी तो निघून गेला. आइला तिथेच उभी राहिली. पिशवीवरचा हात तिला स्वतःचा वाटेना.

गुरुवारी निरोप आला: अर्ज मंजूर. शनिवारी दुपारी बारापर्यंत करारावर सही करा. आइलानं ताबडतोब एजंटबाईंना, म्हणजे कोर्टनीला, फोन लावला.

"पाणी?" कोर्टनी किणकिणत हसली. "नदी चार रस्ते पलीकडे आहे, डार्लिंग. आणि आवडलं नसेल तर अकराजण थांबलेत."

"अकराजणांना सांगितलंत का?"

"विचारलं कुणी?"

फोन ठेवून आइलानं लगेच माउंट आयझाला लावला. तिनं वडिलांना सगळं सांगितलं. रंगाऱ्याचं, रेघेचं, अगदी पिशवीचंही.

"टेकडीला वाईट म्हणतं कोण?" आर्वोंनी विचारलं.

"सगळेच म्हणतात, बाबा."

"सगळे म्हणजे कोण? मी लहान होतो तेव्हा आमच्या गल्लीलाही म्हणायचे, फिनलंडवाल्यांची गल्ली, तिथे चाकू चालतात. चाकू चालायचे, तुझी आजी पाव कापायची तेव्हा! दार सताड उघडं टाकून झोपायची ती." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तो रंगारी... घर घेऊ नका हे सांगायचे कुणी पैसे देत नाही, पोरी."

"त्यानं रेघ पुसली, बाबा!"

"पुसली खरी. पण झोप उडाली ना त्याची?"

शनिवारी आइला पुन्हा चौदा नंबरला गेली. सही करायला नाही. कोर्टनीनं जमवलेल्या नव्या रांगेला मोठ्यानं ओरडून सांगायला. मंजूर अर्ज हातात ठेवून बाई अजून दुसरे अर्ज गोळा करत होती! काय बोलायचं ते आइलानं वाटेत तीनदा घोकलं होतं.

पण कुणीतरी आधीच आलं होतं. दाराजवळच्या खांबापाशी सेमिसी उभा होता, हातात पत्र्याची खरवडणी. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे जमिनीवर पडत होते.

"काय चाललंय हे!" कोर्टनी धावत आली. "पोलिसांना बोलावीन मी!"

"बोलवा," सेमिसी मान न वळवता म्हणाला. "माझे दोन हात परत घेतोय. पैसे तुमच्या अर्जांच्या टेबलावर ठेवलेत, मोजून घ्या."

"एक काम मिळायचं नाही तुला या शहरात!"

"माहीत आहे."

रेघ उघडी पडली. तपकिरी, चिखलाची. रांगेतले लोक पुढे सरकले. "त्यात काय, फार वर काही नाही," कुणीतरी म्हणालं.

मग आइला पुढे झाली. घोकलेलं सगळं ती विसरली. ती खांबाला पाठ लावून सरळ जमिनीवर बसली, पाय पसरून. रेघ तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती.

"माझ्या बाबांना उठता येत नाही पटकन," ती म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "झोपेत पाणी आलं असतं तर त्यांची उंची एवढीच असती. तुमच्या घरात कुणी लहान आहे? म्हातारं आहे? बघून घ्या."

कडेवर बाळ असलेली बाई सगळ्यात आधी निघाली. मग बाकीचे. एकजण मात्र मागे रेंगाळला आणि कोर्टनीला विचारू लागला, "मग भाडं थोडं कमी कराल का?" या शहरानं माणसांवर काय वेळ आणली आहे! आइलाला त्याचा राग करावा की कीव, तेच कळेना.

सेमिसीनं तिला उठायला हात दिला. पांढरा रंग तिच्या तळव्याला लागला. दोघांपैकी कुणीच हात लवकर सोडला नाही.

"गेली ना तुझी बारा घरं?" ती म्हणाली.

"गेली."

"मूर्ख आहेस."

"मोठ्यानं बोल म्हणालं होतं कुणीतरी."

"मी सांगितलं आणि तू ऐकलंस? कोण लागते मी तुझी?" तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला संतापच आला. "त्या दिवशी मी पिशवी धरली... त्याबद्दल मला माफ करू नकोस. मी स्वतःला केलेलं नाही."

सेमिसीनं खरवडणीवरचा रंग पुसला. "लागलं होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण आज तू चिखलाच्या जमिनीवर बसलीस नवी पँट घालून..." मग ते हसू परत आलं, आणि आइलाला कळलं की आठवडाभर आपण त्याचीच वाट बघत होतो. "टेकडी चढतेस? आमच्या शेजारचं घर रिकामं आहे. उतारावर आहे, पुढचं दार रस्त्याला लागून. पायरी नाही."

"कुलपं नीट आहेत?"

"तू तपास. मला माहीत आहे, तपासशीलच."

तिनं तपासलीच. कुलपं, दिवे, बसथांबा, सगळं. पण तिनं काही विचारायच्या आत तीन शेजारणींनी तिलाच विचारून टाकलं: कुठली तू, आई कुठे, लग्न झालंय का, जेवलीस का. एवढा पहारा असल्यावर चोराची काय छाती आहे तिथे शिरायची?

मंगळवारी आर्वो आले. गाडीतून उतरले, काठी टेकत दारापाशी गेले, पायरी शोधली, आणि नाही म्हटल्यावर तसेच आत जाऊन बसले. "बरं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं. रविवारी त्यांनी वेलदोड्याचा गोड पाव भाजला. सेमिसीच्या आईनं अळूच्या पानात मांस आणि नारळाचं दूध बांधून भट्टीत भाजलं आणि भरलं ताट पाठवलं. ते घेऊन सेमिसीच आला. दुसऱ्या हातात रंगाचा डबा, ब्रश खिशात.

"दार रंगवून देतो," तो म्हणाला. "सध्या मोकळाच आहे."

"थांब. आधी उभा राहा इथे. चौकटीला पाठ लावून."

ताट आत ठेवून त्यानं मुकाट्यानं ऐकलं. आइलानं खुर्ची ओढली, वर चढून त्याच्या डोक्यावर पेन्सिलनं रेघ मारली. मग खाली उतरून स्वतःची मारली. दोन्हींच्या मधे तारीख लिहिली.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. कान लालभडक झाले होते, आणि या वेळी ऊन नव्हतं. "आणि याचा मला भयंकर राग येतोय. घर शोधायला आले होते मी!"

आतून आर्वोंच्या खोकल्याचा आवाज आला, मुद्दाम काढलेला.

सेमिसी काहीतरी बोलणार होता. आइलानं पेन्सिल त्याच्या छातीवर रोखली.

"आणि या रेघांवर कधी रंग मारलास ना, तर याद राख!"

सेमिसीनं रंगाचा डबा खाली ठेवला आणि त्याचं झाकण आणखी घट्ट दाबलं.