घोंगडीखालची ठिणगी

बडनेरा रोडवर भादव्याची झड लागली होती आणि ती काही केल्या उघडत नव्हती. अशा दिवशी शहाणी माणसं घरात बसतात. शालिकराम मात्र भर रस्त्यानं फटफटी ढकलत चालला होता... नखशिखांत भिजलेला, चिखलानं माखलेला आणि स्वतःवरच चिडलेला. नत्थुजींच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानापुढं पत्रा दिसला, तसा तो त्याच्याखाली शिरला आणि पुन्हा किकवर पाय मारू लागला.

"किती लाता मारसान तिले? मुकी हाये म्हणून सहन करून रायली बिचारी."

रेडिओच्या बॅटऱ्यांच्या रांगेमागून एक मुलगी बाहेर आली होती. नत्थुजींची मनकर्णा. तशी कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला जागच्या जागी गार करायची.

"मंग तुमीच सांगा तिले समजावून," शालिकराम कपाळावरचं पाणी निपटत म्हणाला. "माह्यं तर आयकतच नाई."

मनकर्णाला हसू आलं होतं. पण तेवढ्यात तिची नजर टाकीवर गेली, टाकीच्या पोच्यावर गेली, आणि हसू ओठांवरच विरलं. तिनं सीट उचलली. खाली बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर एक लाल रिबीन गुंडाळलेली होती. शाळेत असताना वेणीला बांधायची, ती तिचीच रिबीन.

"ही... ही कोठून आनली तुमी?"

"अकोल्याहून. एका दलालापासून. काहून?"

"माह्या भावाची हाये." जरा थांबून ती म्हणाली, "होती."

बुधा, तिचा थोरला भाऊ, माघात मुदतीच्या तापानं गेला होता. आई तर कधीच गेलेली. बुधा गेल्यावर रस्त्यानं कुणाचीही फटफटी वाजली, की नत्थुजी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभे राहायचे. मग दुसराच कुणीतरी निघून जायचा आणि म्हातारा तसाच उभा. शेवटी त्यांनी पोराची फटफटी विकून टाकली. आता तीच फटफटी दारात पाहून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

"ठिणगी पाहा लागंन," मनकर्णा डोळे पुसत म्हणाली.

उजेडात प्लगची ठिणगी नीट दिसत नाही. म्हणून बुधा काळी घोंगडी अंगावर घ्यायचा आणि तिच्या अंधारात प्लग तपासायचा. तीच घोंगडी तिनं शालिकरामच्या हाती दिली. तो आत शिरून प्लग धरून बसला. तिनं बाहेरून हातानंच किक दाबली. प्लग काढला की किक हलकी होते.

"दिसते का?"

"नाई."

"नीट पाहा नं."

"तुमीच येऊन पाहा बुवा..."

आता सडकेवर, परक्या माणसाबरोबर एका घोंगडीखाली शिरायचं म्हणजे पोरीनं दहादा विचार करायला हवा होता. मनकर्णानं एकदाच केला आणि शिरली. आत ओल्या लोकरीचा वास, पेट्रोलचा वास आणि मिट्ट काळोख... ठिणगी नव्हतीच. बाहेर येऊन पाहिलं, तर रिबीन पाण्यानं लथपथ झाली होती आणि तिच्याखालची उघडी तार लोखंडाला टेकत होती.

शालिकरामनं रिबीन सोडवली. दुसऱ्या कुणी ती भिरकावली असती. त्यानं ती पिळली, हळूच घडी घातली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. तारेला काळी पट्टी लावून दोघं पुन्हा घोंगडीखाली गेली. मनकर्णानं किक दाबली. निळी, बारीकशी ठिणगी उडाली आणि तिच्या क्षणभराच्या उजेडात दिसलं—हा माणूस प्लगकडं बघतच नव्हता.

"ठिणगी तिकडं हाये," ती पुटपुटली.

"दिसली मले," तो म्हणाला.

शालिकराम मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होता. सगळ्या मुलखाची फिरती त्याच्याकडं. पण त्या पावसाळ्यात डास फक्त बडनेरा रोडवरच झाले असावेत, इतकं त्याचं येणं वाढलं. कधी बॅटरी उतरायची, कधी प्लग काळा पडायचा. "फटफटीले काही झालं, का माणसाले?" मनकर्णा विचारायची, आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. तिला फार दिवसांनी बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती. कारण फटफटीचा आवाज आला, की बाबा उठून आत जायचे. दर वेळी.

दिवाळीनंतर अचलपूरहून चतुराआत्या स्थळ घेऊन आली. मुलगा बिजवर, कापडाचं दुकान. घरात माणूस गेलं, तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. बुधाचं वर्षश्राद्ध माघी पौर्णिमेला येत होतं. "तीन वर्सं कोन थांबते, दादा? तुह्या जिवाचा तरी भरोसा हाये का?" आत्यानं विचारलं. नत्थुजींनी नुसती मान हलवली. पौष उतरला, की लग्न.

मनकर्णानं ते शालिकरामला सांगितलं. तो मान खाली घालून प्लग पुसत राहिला... पुसतच राहिला. ती वाट पाहून आत निघून गेली आणि भिंतीला टेकून खूप रडली. त्यानंतर तो आलाच नाही. बाजूच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस दारात साचायचा, मनकर्णा तो झाडत बसायची. दिवस कसे तरी जात होते.

पौषात आभाळ पुन्हा भरून आलं. आणि अशाच एका मळकट दुपारी शालिकराम फटफटी ढकलत दारात उभा राहिला.

"चांद्याले बदली झाली," तो तिच्याकडं न पाहता म्हणाला. "उद्या जातो. जाता जाता... बंद पडली."

तिनं घोंगडी आणली. दोघं आत शिरली. तिनं किक दाबली; काळोख तसाच राहिला. मग तिनं चाचपडत सीटखाली हात घातला. तार सुटलेली होती. पण तिची बोटं स्क्रूवर थांबली.

"तार आपोआप निसटली असती, तर स्क्रू ढिला असता," ती सावकाश म्हणाली. "हा तर आवळून ठेवेल हाये. तुमी सोडली."

तो प्लग चाचपत राहिला.

"काहून?"

"ती चालू असली, की मले जा लागते."

"मंग तवा काहून नाई बोलले? मी वाट पाहून रायली होती... तुमी नुसता प्लग पुसत बसले!"

"काय बोलू? मी आलो, की तुमचे बाबा उठून आत जातात. ज्याच्या येण्यानं त्याइचा जीव जळते, त्यानं त्याइची पोरगी कोण्या तोंडानं मांगावी? ... पण मनकर्णा, तुह्याबिगर मले करमत नाई. कोठीच करमत नाई."

ती हुंदके देत होती. "मले अचलपूरले नाई जायचं," ती म्हणाली. "बाबा म्हनतीन तर जाईन. पण जीव अठीच राहीन माह्या."

"घोंगडीनं उजेड अडते, बाप्पा. बोलनं नाई अडत."

घोंगडी दूर फेकली गेली. हातभर अंतरावर स्टुलावर नत्थुजी बसले होते. फटफटी ढकलत आणलेली; आवाज आला नाही, म्हणून ते नेहमीसारखे बॅटऱ्या पाहायला बाहेर आले होते. आणि दोघं आपली, म्हातारा आत आहे असं धरून चाललेली!

शालिकरामच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"तार जोड," नत्थुजी म्हणाले.

त्यानं तार जोडली. तो काळी पट्टी शोधायला लागला, तशी मनकर्णानं वेणीतली लाल रिबीन सोडून पुढं केली. "कोरडी हाये आता," एवढंच ती म्हणाली. त्यानं ती तारेवर गुंडाळली, प्लग बसवला, किक मारली. फटफटी सुरू झाली.

मनकर्णानं बाबांकडं पाहिलं. आता उठतील, आत जातील... पण ते उठले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते. शालिकरामनं घाईनं चावीकडं हात नेला.

"बंद नको करू. वाजू दे घडीभर."

ती वाजत राहिली. बऱ्याच वेळानं नत्थुजींनी डोळे उघडले.

"तुह्या घरी कोन हाये, बोलाले?"

"माय हाये. दर्यापूरले."

"चतुराले मी सांगतो काय सांगायचं ते. तू मायले घेऊन ये, पौष सरायच्या आत. पण ढकलत नको येऊ. वाजवत ये. आवाज आला, की मी दारात उभा रायतो."