दोन आखूड, एक लांब

ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरात घडली, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत घडली. ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं. मग एकदा धुक्यात आमच्या रस्त्यावर यावं आणि त्या पिवळ्या कठड्याला टेकून फोटो काढून दाखवावा.

आणि रात्रीची नाही ही गोष्ट. भुतं रात्रीच निघतात हे ज्यांनी कधी भूत बघितलं नाही त्यांनी ठरवलंय.

गेल्या नोव्हेंबरातली दुपार होती. फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला, पागुदपुद गाव मागे पडलं की आमचा रस्ता डोंगराला चिकटून जातो. उजवीकडे कडा, डावीकडे खाली समुद्र. त्या रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या वळणाला आमची कॉफीची टपरी. आधी आईची होती, आता माझी. मी अवेलिना. भाजलेल्या तांदळाची काळी कॉफी विकते. घर टपरीच्या वर, डोंगरात थोडं चढून.

आमचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे मयताहून परतणारी माणसं.

मयताच्या घरून कुणी सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत थांबायचं, काहीतरी प्यायचं, उठून अंगावरचे कपडे झटकायचे आणि निघायचं. मेलेला पाठीमागे आला असेल तर तो तिथेच राहतो. डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्हीकडची माणसं त्यासाठी आमच्याच वळणावर थांबतात. आई लहान होती तेव्हापासून.

आता विचार करा. इतक्या वर्षांत तिथे किती जण झटकून टाकले असतील?

आणि ते गेले कुठे?

...कुठेच नाही.

हे धरूनच आम्ही तिथे जगत होतो. त्या वळणाचा नियम एकच. इतर कुठूनही निघताना आम्ही आपल्या माणसाला नाव घेऊन हाक मारतो. "अमक्या, चल, राहू नकोस मागे." कारण अंग निघतं, पण जीव कधी कधी रेंगाळतो. पण त्या वळणावर हाक नाही. कुणालाच नाही. पेला ठेवायचा, मान खाली घालायची, चालू पडायचं.

तिथे ऐकणारे फार आहेत.

मग एक दिवस वरच्या साहेबांना शोध लागला, की आमचा रस्ता सुंदर आहे.

झाडं तोडली. लोक ज्यावर बसून झटकायचे तो दगडी बाक उखडला. समुद्रावर सिमेंटचा सज्जा काढला, पिवळा कठडा लावला, आणि फोटोसाठी मधोमध लाल बदामाची चौकट ठोकली. बदाम! आई साहेबाला म्हणाली, "बाबा, इथे माणसं सोडायला थांबतात. न्यायला नाही."

"आजी, उलट तुमचा धंदा वाढेल की!"

"धंदा वाढेल रे. माझा नाही, त्यांचा." आईनं कठड्याकडे बोट दाखवलं. साहेब हसला. त्याला हसायला काय जातंय? तो रात्री गावात झोपतो.

मयताचे लोक काही थांबायचे बंद झाले नाहीत. सवय ती सवय. आता लाल बदामापाशी उभं राहून ते मेलेल्याला झटकायचे, आणि मागे रांगेत पोरी ओठ रंगवत उभ्या.

माझा नवरा प्रिमो याच पर्यटकांची व्हॅन चालवायचा. लावाग शहराचा माणूस. एक नंबरचा तोंडाळ. मला उभ्या जन्मात त्यानं नावानं हाक मारली नाही. "ए कॉफीवाली, ही कॉफी आहे की टायर धुतलेलं पाणी?" हे त्याचं प्रेम. साखर घातली तर पेला परत करायचा. आंधळ्या वळणाआधी सगळेच ड्रायव्हर हॉर्न देतात, आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. प्रिमोचा दोन आखूड, एक लांब. तो ऐकला की मी कॉफी ओतायची.

त्या दुपारी धुकं होतं. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

नुकतीच एक मयताची मंडळी कॉफी पिऊन गेली होती. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेलं मढं. कुठला, कोण, काही कळलं नाही. मासे लागले होते तोंडाला. गावानं आपलं माणूस समजून माती दिली. बिननावाचा क्रूस. ते लोक नीट झटकून गेले. खूप झटकलं त्यांनी.

मागोमाग हॉर्न आला. दोन आखूड, एक लांब.

प्रिमोच्या गाडीत मनिलाचे लोक होते. ते फोटो काढायला उतरले, धुक्यात हसले, किंचाळले. निघायच्या वेळी पांढऱ्या टोपीची एक बाई सापडेना.

प्रिमो दोनदा "ओ मॅडम" म्हणाला.

मग सज्ज्याच्या टोकाला गेला, तोंडाला हात लावले, आणि प्रत्येक थांब्यावर ओरडायचा तसा ओरडला...

"चला, चला! सगळे या! कुणी मागे राहू नका!"

समुद्र थांबला.

खरं सांगते. लाटांचा आवाज थांबला. कुणीतरी मान वळवावी तसा.

"प्रिमो! थोबाड बंद कर!" मी टपरीतून ओरडले.

"अगं, माझे प्रवासी आहेत. मढी नाहीत."

टोपीवाली धुक्यातून आली, कुणावर तरी चिडून. ड्रायव्हरला हे लोक कुया म्हणतात, म्हणजे दादा. "कुया, ते मागचे गृहस्थ फार धक्के देतात हो." सगळे गाडीत बसायला लागले. मागच्या सीटवरून एक पोरगा म्हणाला, "कुया, जागा नाही इथे."

"येताना काय छपरावर बसला होतास?"

"येताना होती जागा."

सगळे हसले. सरकतं दार बंद झालं... प्रिमो तर बाहेर उभा होता. आतल्या कुणाचा हात दाराला नव्हता.

निघण्याआधी प्रिमो गाडीमागे जायचा आणि डाव्या मागच्या चाकाला एक लाथ घालायचा. बापाची शिकवण. लाथेचा आवाज टपरीपर्यंत यायचा. धप्प. त्या दिवशीही तो गाडीमागे गेला. धुक्यात दिसेनासा झाला.

मी वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

तो दुसऱ्या बाजूनं आला, गप्पपणे जागेवर बसला आणि गाडी गेली. हॉर्न न देता.

संध्याकाळी मी कानात प्राण आणून बसले होते. हॉर्न नाही. गाडीचा आवाजही नाही. मान वर केली तर तो दारात उभा.

"अवेलिना," तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. माझंच नाव, आणि अंगावर काटा.

त्यानंतर तो शहाण्यासारखा वागायला लागला. शिवी नाही, टोमणा नाही. मी मुद्दाम कॉफीत साखर ओतली. प्यायला. मीठ ओतलं. तेही प्यायला, सावकाश, पेल्याकडे बघत. उशी रोज सकाळी ओली असायची. मी जीभ लावून बघितली.

खारट.

दुसरा ड्रायव्हर रूफो, मला मानांग म्हणजे ताई म्हणणारा, टपरीवर येऊन बोलला, "मानांग, नवऱ्याला आवर घाल. आंधळ्या वळणावर मुक्यासारखा येतो. पोलिसाची गाडी तरी बरी, तिचा दिवा दिसतो!"

"तूच सांग त्याला."

रूफोचं हसू गेलं. "सांगितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. आता मी त्याची गाडी दिसली की थांबतो. पुढे नाही जात."

आणि मग ती दुपार. पुन्हा धुकं. प्रिमो माझ्यासमोर खुर्चीत बसलेला. गाडी अंगणात उभी, किल्ली माझ्या कमरेला.

खालून, वळणावरून...

दोन आखूड. एक लांब.

माझ्या हातातली किटली कलंडली.

"ऐकलंस?"

"काय?"

"हॉर्न."

"समुद्र आहे तो," तो म्हणाला. त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

तेव्हा मला कळलं. माझा नवरा घरी आलाच नव्हता. त्यानं सगळ्या जगाला हाक मारली, आणि त्याला मात्र कुणी मारली नाही. मीही नाही. कारण तिथे मारायची नसते!

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "त्या दिवशीचा त्याच्या अंगातला सदरा आहे? धुतला नाहीस ना?"

"नाही. पेटीत आहे."

"तोच लागतो. त्याचा घाम आहे त्यात, म्हणून हाक दुसऱ्या कुणाला लागणार नाही. सदरा घेऊन जा, मूठभर तांदूळ टाक आणि नाव घेऊन नेहमीची हाक मार. फक्त तेवढीच. वर एक शब्द बोलू नकोस, अवेलिना. तुझं तोंड मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेल्यावर मी गेले. बदामाची चौकट ओली, लाल, धुक्यात लोंबकळत असल्यासारखी. मी तांदूळ टाकले, सदरा पुढे धरला.

"प्रिमो, चल. राहू नकोस मागे."

काही नाही.

"प्रिमो, चल. राहू नकोस मागे."

खाली पाण्यात काहीतरी खरवडलं... मग तेही थांबलं. थंडीनं माझे दात वाजत होते. आणि मला राग आला. आयुष्यभर गप्प बसणं मला जमलं नाही, तिथे काय जमणार? त्या बदामाचा राग, त्या साहेबाचा राग, माझ्या अंथरुणात झोपणाऱ्या त्या मेल्याचा राग. मी कठड्यावर हात आपटून ओरडले.

"अरे, तुलाच म्हणतेय! दोन आखूड एक लांब हॉर्न देणारा तू! मला कॉफीवाली म्हणणारा! बिनसाखरेची पिणारा! हसताना नाक खाजवणारा! तूच ये. दुसऱ्या कुणी यायचं नाही!"

शांत.

मग सज्ज्याच्या खालून... जिथे पाय ठेवायलाही जागा नाही तिथून... कुणीतरी पुटपुटायला लागलं. शब्द कळत नव्हते. पण चाल माझ्याच बोलण्याची होती. पोरं शाळेत पाठ करतात तशी. एकदा. दोनदा.

हातातला सदरा जड झाला. मागे न बघता मी घरी आले आणि तो खुंटीला अडकवला.

त्याच संध्याकाळी रस्त्यावरून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

मी अनवाणी अंगणात धावले. तो गाडीतून उतरला. "कॉफीवाली! बिनसाखरेची दे." हसला. नाक खाजवलं. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून ओरडून रडले.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मला मागच्या दारी ओढून नेलं. "तू तिथे काय बोललीस?"

मी सांगितलं.

तिनं लगेच बोचकं बांधलं आणि दिवस मावळायच्या आत माझ्या बहिणीकडे राहायला गेली. अजून परत आलेली नाही.

आता सगळं नीट आहे. लोक म्हणतात, अवेलिना, तुझा नवरा सुधारला. रोज हॉर्न. रोज कॉफीवाली. रोज बिनसाखरेची. मग हसतो, मग नाक खाजवतो.

रोज. याच क्रमानं. आणि यापलीकडे काही नाही.

टायर धुतलेलं पाणी, असं तो कधी म्हणत नाही. ते मी कठड्यापाशी बोलले नव्हते.

एका सकाळी तो गाडीत बसला आणि निघालाच. मी म्हणाले, "अरे, चाकाला लाथ नाही मारलीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. डोळ्यांत काही नव्हतं, पण आत कुणीतरी काहीतरी टिपून घेत होतं.

दुसऱ्या दिवशी तो उतरला आणि लाथ मारली.

पुढच्या चाकाला. उजव्या.

तेव्हापासून मी त्याला काही सांगत नाही. काही विचारत नाही. माझ्या प्रिमोबद्दल मला जे जे आठवतं ते मी तोंडातून बाहेर काढत नाही. तो आता त्याचीच वाट बघतो. जेवताना, झोपताना. "बोल की, कॉफीवाली," म्हणतो. "जुनं काहीतरी सांग."

काल पुन्हा धुकं उतरलं. तो माझ्यासमोर कॉफी पीत बसला होता.

खालून, वळणावरून...

दोन आखूड. एक लांब.

आणि त्याच्यामागून, टायरवर लाथ बसल्याचा आवाज. धप्प.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिथेच आहे. निघायच्या तयारीत उभा आहे. कुणीतरी फक्त नाव घ्यायचं बाकी आहे.

समोरच्यानं पेला खाली ठेवला. नाक खाजवलं. या खेपेला हसला नाही.

"जाऊ नकोस, कॉफीवाली. कोण बोलावतंय ते तुला काय माहीत?"

मी भीत नाही त्याला. आज पहाटे उठून मी सदरा घ्यायला खुंटीपाशी गेले. आता फक्त नाव घेऊन हाक मारीन, वर एक शब्द बोलणार नाही, जीभ चावून तोडेन पण बोलणार नाही.

खुंटी रिकामी होती.

वळून बघितलं. तो अंथरुणात उठून बसला होता. सदरा त्याच्या अंगात होता, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

दिवसभर त्यानं तो काढला नाही. आत्ताही मी हे लिहितेय आणि तो दारात खुर्ची टाकून बसलाय.

खाली धुकं चढायला लागलंय.