जुनी प्रत मिटत नाही

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी माझ्या हाती असता.

गेल्या एप्रिलमधली दुपार. निमगाव केतकीच्या शिवारातलं महिपती तात्यांचं डाळिंबांचं कोल्ड स्टोरेज. बाहेर ऊन पांढरं पडलेलं.

मी संघपाल, लासुर्ण्याचा. तात्यांच्या स्टोरेजमधल्या मदतीच्या घंट्या आमच्या कंपनीच्या क्लाउड सर्व्हरवर चालतात. खोलीत अडकलेल्यानं घंटी दाबली की तात्यांच्या फोनवर निरोप जातो. काम वाढलं की सर्व्हरवर त्याच प्रोग्रामच्या नव्या प्रती आपोआप उभ्या राहतात. आम्ही त्यांना कंटेनर म्हणतो. काम ओसरलं की त्या मिटतात.

त्या दिवशी त्या मिटेनात. वाढतच होत्या.

सगळ्या हाका एकाच खोलीतून येत होत्या... शेवटच्या.

दोन तुटक. एक लांब. मग शांतता. पुन्हा दोन तुटक...

"तात्या, आत कोण हाय?"

"कुणी न्हाय. माल परवाच गेला. सकाळपासनं फोन नुसता बोंबलतोय."

"मग घंटी कोण दाबतंय?"

"उंदीर आसंल. तुज्यापरीस जास्त काम करतोय."

मी सर्व्हरवर नियम लिहिला : त्या खोलीच्या घंटीकडे लक्ष देऊ नये. तात्यांचा फोन गप्प झाला. ते चहा आणायला फाट्यावर गेले.

नियम पाळणारी एक नवी प्रत उरली. आणि एक जुनी... जी कितीदा बंद केली तरी बंद होईना. हाताशी काम नसताना ती जागी होती.

ते नंतर पाहू, म्हणून लॅपटॉप बाहेर ठेवला आणि घंटीची वायर तोडायला आत गेलो.

दार मागून लागलं. आवाज न करता.

दिवा गेला.

दाराला आतून मूठ नव्हती. मुठीची नुसती भोकं बोटांना लागली.

फोनला रेंज नाही. भिंती जाड, माझी हाक माझ्यापाशीच येऊन थांबत होती. थंडी घोट्यांतून वर चढू लागली. मी घंटी दाबली... आणि दाबताना आठवलं.

हिचं ऐकू नये, असं मीच सांगून आलो होतो.

तरी दाबत राहिलो. त्या अंधारात हाताला दुसरं काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ध्यानात आलं... माझं बोट दोनदा तुटक दाबत होतं. एकदा लांब.

मी बोट काढून घेतलं.

बटणाचा खटका वाजतच राहिला. दोनदा तुटक...

दार उघडलं. उन्हात तात्या उभे होते.

"घंटी आली फोनवर. आरं, पार निळा पडलायस."

"येणं शक्य न्हाय, तात्या."

लॅपटॉप पाहिला. माझा नियम जागेवर होता. नव्या प्रतीनं माझी एकही हाक पुढे पाठवली नव्हती. निरोप गेला होता तो जुन्या प्रतीतून. तिच्यापर्यंत नियम पोहोचलाच नव्हता.

तेवढ्यात तात्यांचा फोन पुन्हा वाजला.

त्यांनी सताड उघड्या, रिकाम्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तू तर हितं हायस," ते हळूच म्हणाले.

घंटी त्यांनी त्याच संध्याकाळी भिंतीतून उपटून काढली. हाका अजून येतात.

ती प्रत कशी मिटवायची, ते आता मला उमगलं आहे. वरिष्ठ विचारतात तेव्हा मी सांगतो, तपास चालू आहे. कारण ती गेली, तर आत जे कोणी आहे, त्याचं ऐकणारं कुणीच उरणार नाही.

आणि त्या हाकांतल्या काही माझ्याच असाव्यात, असं मला अधूनमधून वाटतं...