पांढरीचा थर

लातुरात मला 'डक्टवाली बाई' म्हणतात, नांदेडात 'कूलरवाल्या मॅडम'. नाव सौदामिनी आहे, पण ते उच्चारायचा लोकांना कंटाळा येतो. काम साधं आहे. मंगल कार्यालयं, दवाखाने, जुन्या घरांतल्या अभ्यासिका, जिथं कूलरची हवा पत्र्याच्या चौकोनी नळीतून छताखालून फिरवलेली असते, तिथं ती नळी, म्हणजे डक्ट, आतून घासून द्यायची. लोक दरसाल कूलरचं गवत बदलतात, टाकी विसळतात, आणि डक्टच्या आत मात्र कुणी डोकावत नाही. आत मेलेली पाल असते, घरट्याच्या काड्या असतात, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पापुद्रे असतात. अन् वर आम्हालाच विचारतात, मॅडम, पोरं सारखी खोकतात कशानं? कशानं म्हणजे! ह्यानंच की.

यंदा, म्हणजे २०१८ च्या एप्रिलअखेर, लातूरहून शिवप्पांचा फोन आला. त्यांच्या घरी मुलींची अभ्यासिका होती आणि माझी तनुजा तिथंच राहून नीटची तयारी करत होती. मागच्या साली तिचं थोडक्यात हुकलं होतं. यंदा शेवटचं, असं तिचं तिनंच ठरवलेलं. परीक्षा येत्या रविवारी.

"डक्टमधून हवा येईना झालीय," शिवप्पा म्हणाले. "अन् वरून पांढरं पडून राहिलंय पोरींच्या वह्यांवर."

"क्षार असंल बोअरच्या पाण्याचा. उद्या येते," मी म्हणाले. लेकीचं तोंडही बघणं होईल, एवढाच विचार मनात होता.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. बैठं, जाड दगडी भिंतींचं. शिवप्पा मूळचे किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातले. भूकंपानंतर लातुरात आले, हे जुनं घर घेतलं आणि आधी काय केलं, तर वरचं मातीचं माळवद उतरवून स्लॅब टाकली. आता आत लांबलचक हॉल होता, भिंतीला लागून मुलींच्या खाटा, मधे टेबलं, आणि मधोमध छताला लोखंडी सळ्यांनी टांगलेला डक्ट. वर नुसती गच्ची. माझ्या लेकीची खुर्ची बरोबर डक्टच्या जाळीखाली. अभ्यासात पहिली येणारीला गार जागा, असा तिथला नियम होता म्हणे.

"आई, वाळली नाही मी, बघू नको अशी," ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पण परीक्षेच्या तोंडावर पोरीसमोर डोळे पुसत बसणारी मी नव्हे.

माझ्याबरोबर ग्यानोबा होता. पन्नाशीचा गडी, औसा तालुक्यातला, बोलायला महाकंजूष. त्यानं शिडी लावली, मी वर चढले आणि डक्टचं झाकण उघडून आत हात घातला.

क्षार खरखरीत असतो, पत्र्याला चिकटून बसतो, खरवडावा लागतो. माझ्या हाताला लागलं ते मऊ होतं. गार, दमट आणि सपाट. वरून कुणी तळहातानं सारखं केल्यासारखं. मूठभर बाहेर काढलं आणि वास आला, तशी मी शिडीवर थांबलेच.

माझं माहेर मुखेड तालुक्यातलं, माळवदाचं. रोहिण्या सरत आल्या की वडील गावाबाहेरून गाडीभर पांढरी माती आणायचे. आम्ही पोरी टोपली वर द्यायचो, ते माळवदावर पसरायचे, भुसकट मिसळायचे, पाणी शिंपडून लाकडी चोपण्यानं चोपायचे. पांढरी घट्ट बसली की थेंब आत येत नाही. जुना थर कधी काढायचा नाही, त्याच्यावरच नवा टाकायचा. लेकरांच्या अंगावर पाणी गळू नये म्हणून सगळा खटाटोप. तो वास मी मेले तरी विसरणार नाही. मुठीतल्या मातीत भुसकटाचे तुकडे चमकत होते.

"ग्यानोबा, हे बघ."

त्यानं बघितलं, बोटांत चुरडलं आणि हात धोतराला पुसला. "पांढरी हाय, ताई."

"ते मलाही कळतं. पत्र्याच्या डक्टात आली कुठनं?"

तो पोती आणायला वळला. मी मात्र सगळं तपासलं. गच्चीवर कूलरच्या तोंडाला बारीक जाळी, ती धड. सांधे टेपनं बंद, ते धड. स्लॅबला तडा नाही. उंदीर माती आणतो, पण चोपून बसवत नाही. कुणाची तरी खोड असणार, असं मी स्वतःला बजावलं. कोचिंगच्या गावात पोरं काय काय उद्योग करतात!

दिवसभर आम्ही डक्ट खरवडला. ब्रश फिरवला, मशीननं धूळ ओढली, पोत्यांवर पोती अंगणात रचली. शेवटी आत बॅटरी मारली तर पत्रा नव्या ताटासारखा झळकत होता. जाळीतून गार झोत सुटला आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी शिवप्पांच्या घरीच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मुली खाटांवर आडव्या झाल्या आणि मी तनुजाच्या केसांना तेल लावत बसले. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. धप. धप. धप. सावकाश, एका लयीत, डोक्यावरून.

"हे काय गं?"

"रोजचंय," तनुजा डोळे मिटून म्हणाली. "दुपारी असतंय. लई छान झोप लागती आई त्यानं. कुणीतरी थोपटल्यावानी वाटतं."

हॉलभर सगळ्या पोरी गाढ झोपलेल्या. परीक्षा तोंडावर, घराघरांत पोरांची झोप उडालेली, अन् ह्या मेल्या निवांत घोरून राहिल्या होत्या! मी उठून खिडकीतून बघितलं. गच्चीचा जिना आतल्या अंगणातून, आणि अंगणात ग्यानोबा पोती शिवत बसलेला. तो वर बघत नव्हता. हट्टानं बघत नव्हता.

शिडी लावून झाकण उघडलं. थर होता. कालच्याहून जाड, ओला, गुळगुळीत चोपलेला. आणि डक्ट ज्या सळ्यांना टांगला होता, त्या मधे वाकल्या होत्या.

मी तडक शिवप्पांकडे गेले. साठीचे गृहस्थ, कपाळाला भस्म, आवाज कायम हळू. मी माती त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

"डक्ट उतरवायचा. आत्ता."

"ताई, रविवारी परीक्षा हाय," ते मातीकडं न बघता म्हणाले. "बेचाळीसचं ऊन. पोरी कशा बसतील? सोमवारी उतरवू ना."

"सोमवारपर्यंत तो टिकंल? खाली माझी पोर बसती, शिवप्पा! तुमच्या भरवशावर ठेवलीय मी तिला."

मग एक बोट मातीवर ठेवून त्यांनी ते फिरवलं, सवयीचा माणूस फिरवतो तसं.

"आमच्या गावात सगळेच टाकायचे. दरसाल. ज्याच्या घरात लेकरं जास्त, तो जरा जास्तच टाकायचा. त्या साली मी बी टाकली होती. माझ्या हातानं. रातभर पाऊस झाला तरी आत थेंब न्हाई, अशी." त्यांचा आवाज तसाच हळू होता. "पहाटं सगळं खाली आलं. माझी दोघं लेकरं बी त्याच्याखालीच घावली."

पण समोरचा माणूस दुःखी आहे म्हणून सळ्या सरळ होत नाहीत.

"उद्या सकाळी उतरवते," मी म्हणाले. "आज पोरी अंगणात झोपतील. तुम्ही आडवे आलात तर पोलिसांना बोलावीन."

ते आडवे आले नाहीत. त्यांनीच सतरंज्या काढून दिल्या.

सकाळी नळ गेल्यावर मी कामाला लागले. वीज तोडली, मुलींना बाहेर पिटाळलं. कुरकुरत गेल्या, पण गेल्या. ग्यानोबानं डक्टखाली बांबूचे टेकू लावायला घेतले. मी पाना घेऊन शिडीवर चढले, टोकाच्या सळीचा नट धरला आणि सहज मागं वळून बघितलं.

तनुजा आपल्या खुर्चीवर होती. मागच्या दारानं आत येऊन बसलेली.

"ऊठ."

"आई, एवढा एकच चॅप्टर. बाहेर लक्ष लागत नाही माझं."

"तनू, ऊठ म्हणते ना!"

"इथं बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "इथंच बरं वाटतंय."

धप.

दुपार नव्हती. सकाळचे नऊ वाजत होते.

धप. धप.

माझ्या डोळ्यांदेखत मधली सळी बोटभर खाली सरकली.

मी शिडीवरून उडी टाकली. गुडघा फुटला. तिचा दंड धरला आणि पुस्तकासकट ओढली. ती ओरडत होती. खुर्चीला पाय अडकवून बसली होती माझी पोर, दोन्ही पाय, घट्ट. मी खुर्चीला लाथ घातली. ग्यानोबानं तिला कमरेला धरलं. आम्ही तिघं दारात पडलो.

आणि तो खाली आला.

आवाज फार मोठा झाला नाही. माती पडते तसा, भप्पकन झाला. हॉल पांढरा झाला.

धुरळा बसायला वेळ लागला. पत्रा शिवणीपासून उसवला होता आणि आतून तो पूर्ण भरलेला होता. काठोकाठ. थरावर थर, थरावर थर. कडेनं एकेक थर मोजून घ्यावा इतका वेगळा दिसत होता. कालच तो मी अर्ध्याहून अधिक रिकामा बघितला होता. खुर्ची दिसतच नव्हती.

तनुजा माझ्या पदरात तोंड खुपसून पडली होती. मी तिच्या केसांतली माती झटकली, पुन्हा पुन्हा झटकली.

मग ग्यानोबानं मला खुणावलं.

धप. धप. धप.

डक्ट जमिनीवर होता. आवाज वरच्या स्लॅबवरून येत होता.

मी पाना घेऊनच जिना चढले. गच्ची मोकळी होती. कूलर बंद, ऊन रणरणतं, पायाला चटके. कुणी नाही. मी सगळी गच्ची फिरले, कूलरच्या मागं वाकून बघितलं. आवाजही नव्हता. खाली आले तर ग्यानोबाचं तोंड पांढरं फटक. तुम्ही वर होता तोवर, ताई, त्यो आवाज एकदाबी थांबला न्हाई, असं तो म्हणाला.

त्याच दुपारी शिवप्पांनी सगळ्या मुलींची दुसरीकडं सोय केली. घराला कुलूप घातलं. मला निरोप द्यायला ते रस्त्यापर्यंत आले आणि तनुजाच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मला त्यांचा राग येत नव्हता. रडू येत होतं.

तनुजा चार दिवस माझ्या नणंदेकडं राहिली. पेपर दिला, चांगला दिला. जूनमध्ये निकाल लागला. सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क पडले, आणि तिचे बाबा सिकंदराबादहून पेढे घेऊन आले. रेल्वेतली नोकरी त्यांची, दोन दिवस राहून परत गेले. पुन्हा आम्ही मायलेकीच. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उन्हात काम करतेस, आराम कर जरा. बरं, म्हटलं.

आमचं नांदेडचं घरही जुनंच. दर पावसाळ्यात तनुजाच्या खोलीत नेमकं तिच्या खाटेवर गळतं. डांबर लावून झालं, केमिकल लावून झालं, शेवटी खाट सरकवायची आणि बादली ठेवायची, हाच उपाय. यंदा मृग कोरडा गेला आणि आर्द्रात एकदा पडला तो झोडपून पडला. सकाळी मी बादली उचलायला गेले तर ती कोरडी ठणठणीत. खाली फरशीही कोरडी. तनुजा खाटेवर गाढ झोपलेली, अगदी लहानपणी झोपायची तशी.

मी फावडं घेऊन वर गेले.

तिच्या खोलीच्या वर, तेवढ्याच चौकोनात, पांढरी होती. नीट चोपलेली. पाणी वाहून जायला मागच्या बाजूला व्यवस्थित ढाळ दिलेला. एवढ्या पावसात कुठं चीर नाही की ओघळ नाही. मी पहिलं फावडं मारलं. खाली दुसरा थर लागला, जुना, टणक. त्याच्या खाली अजून एक.

आधी खाली गेले आणि पोरीला उठवून बाहेर काढलं. मग पुन्हा वर आले आणि संध्याकाळपर्यंत खणत राहिले. सिमेंट दिसेतो थांबले नाही. हाताला फोड आले. आता ती पुढच्या व्हरांड्यात पत्र्याखाली झोपते, कुरकुर करते, मी ऐकत नाही. एक दिवसाआड मी वर जाते. असतोच काहीतरी, बोटभर, दोन बोटं. ज्याला टाकायचं त्यानं टाकावं, मी काढणार. बघू कोण आधी थकतंय. माझ्या लेकराच्या डोक्यावर वजन ठेवू देणार नाही, मग ते कितीही मायेनं ठेवलेलं असो.

काल शेजारच्या सिंधुताई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय, पोरगं अजून महिन्याचं व्हायचंय. ताई ओट्यावर टेकल्या, पदरानं वारा घेतला.

"सौदामिनी, यंदा नवलच झालं बघ," त्या म्हणाल्या. "आमची मागची खोली दरसाल टपटप गळायची. बाळंतिणीला कुठं निजवू, मला घोरच लागला होता. यंदा थेंब पडला न्हाई गं! अन् बाळ बी कसलं गुणी. दुपारी जराही रडत न्हाई, वर टक लावून ऐकतं अन् झोपी जातं."