चार हजार वर्षं जुनी कुंडी

शेवटी खापऱ्याची नोकरी गेली आणि पाटीवालीने त्याच्याशी लग्न केलं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या, आणि दोन्हींबद्दल तिच्या मावशीने एकच प्रश्न विचारला, "एवढा वेळ का लागला?"

पण असं काही झालेलंच नाही, असं आपण धरून चालू. नोकरी जागेवर आहे, लग्नाचा विषय नाही, आणि पाटीवाली अजून त्या माणसाला ओळखतसुद्धा नाही. ती फक्त संग्रहालयाच्या तळघरातल्या बोळातून हातात कुंडी घेऊन चालली आहे, आणि चिडलेली आहे.

चिडायला तिला एरवी कारण लागत नसे, पण त्या दिवशी होतं. संग्रहालयात 'पहिली शहरं' नावाचं नवं दालन उघडणार होतं. काचेच्या कपाटांखाली लावायच्या माहितीच्या पाट्या लिहिणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला पाटीवाली म्हणत. आणि संचालकसाहेबांचा हुकूम होता की प्रत्येक पाटीत 'देणगी' हा शब्द आलाच पाहिजे. चाक ही देणगी. भाजकी वीट ही देणगी. लेखन ही देणगी. साठ मिनिटांचा तासही देणगी.

"मागितली होती का आपण?" ती कुंडीतल्या रोपट्याला सांगत होती. "माणूस पहिल्यांदा लिहायला शिकला, आणि लिहिलं काय? कुठल्या मजुराला किती जव दिले ते. प्रेमाचा एक शब्द नाही. नुसते हिशेब. म्हणे देणगी…"

रोपट्याने हरकत घेतली नाही. ते तिच्या मावशीचं होतं. दोघी राहत त्या मावशीच्या घरात ऊन येत नसे आणि पाटीवालीच्या टेबलाशी येत असे, म्हणून त्याची बदली झाली होती.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक माणूस पाठमोरा बाहेर आला. हातात भलंमोठं तबक असल्यामुळे त्याला दार पाठीनेच ढकलावं लागलं होतं. तो वळला, ती थांबली नाही… आणि पुढचा आवाज वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू गेला.

जमिनीवर एकच ढीग झाला. मातीचे लालसर तुकडे, त्यांत मातीचे लालसर तुकडे, आणि मधोमध एक बावरलेलं रोपटं.

"चार हजार वर्षं," तो ढिगाकडे बघत म्हणाला.

"काय?"

"एवढी टिकली होती ही खापरं."

"माझी कुंडी आत्तापर्यंत धडधाकट होती," ती म्हणाली. "तुमची खापरं तर आधीच फुटलेली होती. तुमचं नुकसान काय झालं, सांगा बघू."

त्याने खरोखरच विचार केला. "तसं बघितलं तर… काहीच नाही."

"मग तोंड एवढं पाडायचं कारण?"

"माझं तोंड असंच आहे."

दोघं खाली बसले. बाहेर पावसाची भुरभुर होती. तळघराच्या उंच खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त भिजलेले पाय दिसत होते. तो एकेक तुकडा उचलून बोटांनी चाचपे. "हा आमचा. हा तुमचा. हा आमचा." त्याच्या नखांत प्लॅस्टर होतं आणि अंगाला नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येत होता — तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून राग आला. एका तुकड्यावर दोघांचे हात एकदमच पडले. तिने मान वर केली. तोही वर बघत होता. मग दोघांनीही, वाजवीपेक्षा जरा उशिराच, खाली बघितलं.

"हा… आमचा," तो म्हणाला, आणि तुकडा तबकात ठेवला.

त्याने प्लॅस्टरचा एक रिकामा डबा आणून त्यात रोपटं लावून दिलं. रोपट्याशी बोलताना तो तिच्याशी बोलण्यापेक्षा बराच मोकळा होता.

जुनी खापरं जोडून त्यांची पुन्हा भांडी करणं हे त्याचं काम, आणि खापऱ्या हे त्याचं नाव पडलं होतं, हे तिला त्याच दिवशी कळलं. त्यानंतर तिच्या पाट्यांमध्ये खूप शंका निघू लागल्या. शंका निघाली की ती तळघरात जाई.

त्याच्या खोलीत वाळूने भरलेली एक परात होती. तीत खापरं उभी रोवून ठेवलेली असत, म्हणजे डिंक वाळेपर्यंत ती हलत नसत.

"हे काय पेरलंयत?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"रांजण. उगवायला अजून महिना लागेल."

"आणि उगवल्यावर?"

"तुम्ही त्याला देणगी म्हणाल."

ती हसली. आपण हसलो हे लक्षात आल्यावर तिने ताबडतोब त्याच्या डिंकाबद्दल तक्रार काढली — एवढा पातळ कसा, टिकणार कसा.

"मुद्दाम तसाच असतो," तो म्हणाला. "आमच्यात नियम आहे. जोड पक्का हवा, पण कायमचा नको. पुढे कुणाला आपली चूक कळली, तर त्याला तो सोडवता आला पाहिजे. नेलपॉलिश काढायचं औषध लावलं की सुटतो."

"म्हणजे तुम्ही जोडलेलं सगळं सुटतं. तुमच्या भरवशावर राहायला नको कुणी."

"मी खापरांबद्दल बोलत होतो."

"मीही खापरांबद्दलच बोलत होते," ती म्हणाली. कान तापलेले घेऊन ती जिना चढली आणि संध्याकाळपर्यंत इजिप्तवर चिडून राहिली. इजिप्तचा यात काही संबंध नव्हता, पण त्या दिवशी इजिप्तच्या पाट्या चालू होत्या.

रांजण उगवता उगवता 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्या माणसाचा वेग रांजणाएवढाच होता. एकदा परातीतली वाळू सारखी करत तो म्हणाला, "मला कायम केलं ना… की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"आत्ता मी हंगामी आहे."

"प्रश्नही हंगामी आहे का?"

"नाही. म्हणून तर."

पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीवर पहिला शिक्का उठवला, त्यातून हुद्दे आले, हुद्द्यांतून कायम आणि हंगामी आले, आणि आता एक धडधाकट माणूस तोंडातला प्रश्न शिक्क्यासाठी अडवून बसला होता. हाच तो चिरंतन वारसा. तिने तसं पाटीत लिहिलं. साहेबांनी ते खोडून 'देणगी' केलं.

आणि मग एके दिवशी संचालकसाहेब तळघरात धावत आले. साहेब धावलेले कुणी पाहिले नव्हते. झालं असं, की उगवलेल्या रांजणाच्या काठावर एका तुकड्याला ओरखडे होते. चार उभ्या रेघा, त्यांना छेदणारी एक आडवी. पुन्हा चार, पुन्हा आडवी.

"कालगणना," साहेब कापऱ्या आवाजात म्हणाले. "मानवाच्या कालगणनेची पहाट." त्यांनी वर्तमानपत्रांना कळवलं, रांजण काचेत ठेवून कुलूप लावलं, आणि तुकडा ओळखून बसवल्याबद्दल खापऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी कायम करणार असल्याचं जाहीर केलं. पाटीवालीला पाटी लिहायला बोलावणं आलं.

ती काचेशी वाकली. बघत राहिली.

त्या रेघा तिच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. रोपटं घरी होतं तेव्हा त्याला मावशी पाणी घाली आणि मावशीला न सांगता तीही घाली. मुळं कुजायला लागली. तेव्हा मावशीने डोक्यातली पिन काढून कुंडीच्या काठावर रेघा मारायला सुरुवात केली. पाणी घातलं की एक रेघ. पाचवी आडवी, कारण मावशी शिस्तीची होती.

ती तडक खाली गेली. खापऱ्या टेबल पुसत होता. आज त्याचं तोंड पडलेलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो हळूच स्टुलावर बसला.

"पण तो बसला कसा त्या काठाला?" तिने विचारलं. "चार हजार वर्षांचं अंतर आहे मधे."

"फिरतं चाक, ओली माती आणि अंगठा," तो म्हणाला. "तेव्हाही काठ असाच वळवत. तुझ्या कुंडीवाल्यानेही तसाच वळवला. अंगठ्याने मधल्या काळात नवीन काही शिकलेलं नाही…" त्या अवस्थेतही त्याच्या आवाजात कौतुक होतं. त्याचा तिला भयंकर संताप आला.

"तू गप्प बसलास तर कायम होशील," ती म्हणाली.

"हो."

"आणि मग मला विचारशील."

"हो."

"आणि मी हो म्हटलं, तर आपल्या घरातला पहिला खोटा जोड तोच असेल."

"हो," तो म्हणाला, आणि उठला. "चल. साहेब जागेवर असतील."

साहेब जागेवर होते. खापऱ्याने सांगितलं, की काठावरचा तो तुकडा बोळातल्या टकरीत फुटलेल्या एका कुंडीचा आहे, काच उघडून द्या, दोन मिनिटांत सोडवतो.

"कुणाची कुंडी?"

"माझ्या मावशीची," पाटीवाली म्हणाली.

"मावशी किती वर्षांच्या?"

"बासष्ट."

"मग त्यांचा काय संबंध?" साहेब म्हणाले. "आणि तू इतकी वर्षं खापरं जोडतोस. अंधारात बोट फिरवून तू माती ओळखतोस. अशी चूक तुझ्या हातून होईलच कशी?"

"मी बघत नव्हतो, साहेब."

"कशाकडे?"

"खापरांकडे."

"मग कुठे बघत होतास?"

खापऱ्याने फक्त बघितलं — तेव्हा बघितलं होतं तिकडेच. साहेबांची नजर त्याच्या नजरेमागून हळूहळू निघाली आणि पाटीवालीपाशी येऊन थांबली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच तक्रार सुचेना. हात कुठे ठेवायचे असतात, हेही आठवेना.

"हे किती वाजता घडलं?" साहेबांनी थंडपणे विचारलं.

"साडेदहा वाजले असतील."

"म्हणजे कामाच्या वेळेत."

तुकड्याबद्दल साहेबांचं काही म्हणणं नव्हतं. तो बसला होता, वर्तमानपत्रांत आला होता, आणि तो राहणार होता. पण कामाच्या वेळेत खापरांव्यतिरिक्त अन्यत्र बघणं हा त्यांच्या मते गंभीर प्रकार होता, आणि खापऱ्याने उद्यापासून येऊ नये असं त्यांनी सांगितलं. मग पाटीवालीकडे वळून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पाटी. पहाट आणि देणगी, दोन्ही शब्द यायला हवेत."

तिने तिथेच, उभ्याउभ्या, कोऱ्या कार्डावर लिहून दिली: 'हा तुकडा एका मावशीच्या कुंडीचा आहे. रेघा पाणी घातल्याच्या आहेत. तो इथे एका माणसाच्या नजरेमुळे आला. तो माणूस खरं बोलला, म्हणून त्याला काढून टाकलं.'

साहेबांनी वाचलं आणि तिलाही उद्यापासून येऊ नये असं सांगितलं.

दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले. पाऊस नुकताच थांबला होता.

"आता तर मी हंगामीसुद्धा नाही," तो म्हणाला.

"आता तरी विचारशील?"

"नोकरी नसताना कसं विचारू…"

"नोकरीचं मी बघते," ती म्हणाली. "हे सगळं ज्यांनी सुरू केलं ना, त्यांनाच आता निस्तरू दे." तिने पर्समधून एक कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागली. तो खांद्यावरून वाचत होता. अर्ध्यावर थांबला.

"इथे 'सपत्नीक' लिहिलंयस."

"हो."

"पत्नी कोण?"

"अर्ज लिहितेय ती."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग घसा खाकरून म्हणाला, "मग… 'दोघांना एक खोली' असंही घाल."

तिने घातलं. मान वर न करता, पण हसत.

*प्रति,*
*माननीय नगरप्रमुख,*
*पहिले शहर, दोन नद्यांच्या मध्ये.*

*विषय: कुंभाराच्या जागेवर कायम नेमणूक मिळण्याबाबत.*

*महोदय,*

*वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण सुरू केलेले शिक्के, हुद्दे व साहेब आजतागायत चालू असून त्यांमुळे अर्जदाराची नोकरी गेली आहे. सबब, सदर नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येते. तरी अर्जदारास आपल्या शहरात सपत्नीक सामावून घ्यावे. पत्नीस लिहिता येते. मात्र काय लिहावे हे तिला कुणी सांगू नये. दोघांना एक खोली द्यावी. अर्जदार पाच हजार वर्षे मागे येण्यास तयार आहे. प्रवासाची सोय आपण करावी. तसेच या आठवड्यात आमचे लग्न असल्याने, रुजू होण्यास आठ दिवसांची मुदत मिळावी, ही नम्र विनंती.*