सोळा नट आणि चुन्याच्या रेघा

"अजून दोन बोटं वर घ्या, मालक!" गाडीखालून इंद्रभान ओरडला.

किसनरावमामांनी जॅकचा दांडा दाबला आणि ती दांडगी लष्करी मोटार खरोखरच वर उठली! एका माणसाच्या हातानं! उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांकडे आलेली वच्छला तोंडात बोट घालून बघतच राहिली. नांदुऱ्याला तिच्या घरामागूनच आगगाड्या जायच्या, पण एवढं लोखंड असं अलगद उठताना ती पहिल्यांदाच बघत होती. तिचा धाकटा भाऊ शालिग्राम तर तीन वेळा वाकून जॅकखाली कोण बसलंय ते पाहून आला.

लढाई संपल्यावर नागपूरच्या लिलावात मामांनी ही मोटार घेतली होती. चारही चाकांनी ओढणारी, चिखलाला न भिणारी! मामांच्या पिंपळगाव राजा गावातली म्हातारी माणसंसुद्धा तिच्या पुढच्या दिव्यांना नमस्कार करून जायची. अडचण एकच होती. मळ्याच्या वाटेवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल, की मधला उंचवटा मोटारीचं पोट खरवडायचा. म्हणून मामांनी बेत केला, की चाकांचा आस आणि त्यावरचे पोलादी पाटे यांच्यामध्ये लाकडी ठोकळे बसवायचे आणि गाडी चार बोटं उंच करायची. असलं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. ड्रायव्हर इंद्रभान फौजेत राहून आलेला, पण त्यानंही ते लांबूनच पाहिलेलं.

मामांना दम कुठला! सकाळीच त्यांनी बांधावरची बाभूळ पाडली आणि सुताराकडून एका मापाचे पाच ठोकळे करून घेतले. चार गाडीत गेले. उरलेला मामींनी पाण्याच्या डुगडुगत्या रांजणाखाली सरकवला.

ठोकळ्यांना घट्ट धरणारे सोळा नट आवळून झाले आणि संध्याकाळी मोटार मळ्याच्या वाटेला लागली. चाकोऱ्या आल्या. सगळ्यांनी श्वास रोखला. खरवडल्याचा आवाजच नाही! "बापा बापा!" मामांचा मुलगा कडूबा किंचाळला. "हत्तीवर बसल्यावानी वाटून राह्यलं!"

चार दिवसांनी मोटार खडखडू लागली. पाहतात तर सगळे नट ढिले! इंद्रभाननं ते पुन्हा आवळले. तीन दिवसांनी पुन्हा ढिले!

मामांचं डोकं फिरलं. भर चावडीवर, दहा माणसांत त्यांनी इंद्रभानला धरलं. "तूच ढिले करून ठेवतं! आपल्यावाचून याचं चालू नाई, म्हून!"

"मालक, लेकरांची आन घेतो. म्या नाई केलं."

"आज अखेरचं आवळ. सोमवारी निंघ माह्या घरून!"

इंद्रभानदादानं नट आवळले, पाना पुसून जागेवर ठेवला आणि खाली मान घालून बसला. आता त्याला गावात कोण कामाला ठेवणार? वच्छलाला फार वाईट वाटलं. याच दादानं तिला मोटारीचं चाक धरू दिलं होतं, पोरीची जात म्हणून हसला नव्हता.

"दादा खोटं नाई बोलत," ती म्हणाली. "कोनीतरी दुसरंच ढिले करते. आपण त्याले पकडू!"

"कसं पकडशीन?" कडूबानं विचारलं.

वच्छलानं मामींच्या पानाच्या डब्यातून चुना आणला. तिघं गाडीखाली सरपटत गेली. प्रत्येक नटावरून खालच्या बोल्टावर जाणारी एकेक पांढरी रेघ तिनं ओढली. "नट जरासा फिरला तरी रेघ मोडंन!"

"अन् चोर सापडंन!" शालिग्रामनं टाळी वाजवली.

तीन दिवसांनी, सोमवारी पहाटेच तिघं पुन्हा गाडीखाली शिरली. सोळाच्या सोळा रेघा सरळ होत्या! एकही मोडलेली नव्हती. कडूबानं सहज नटाखालच्या चकतीला बोट लावलं, तर चकती गरगर फिरली. नट ढिला होता!

कुणी हात लावला नव्हता, नट तसूभर फिरला नव्हता, तरी तो ढिला होता. हे घडलं तरी कसं?

"भूत!" शालिग्राम पुटपुटला.

"भुताले दुसरे धंदे नाईत काय बे?" कडूबा म्हणाला, पण त्याचाही आवाज चिरकला.

ग्रीसचे हात धुवायला तिघं विहिरीवरच्या हौदाकडे गेली. हौदात बैलगाडीचं एक चाक बुडवून ठेवलं होतं.

"हे चाक काऊन बुडवलं?" शालिग्रामनं विचारलं.

"उन्हानं लाकूड आटते, मंग वरची लोखंडी धाव ढिली होते. पाण्यात ठेवलं का लाकूड फुगते," कडूबा हात चोळत म्हणाला.

वच्छलाचे हात पाण्यातच थांबले. "कडू! नट फिरलेच नाईत! मधलं लाकूड आटलं!"

तिघं धूम पळत सुटली!

अंगणात इंद्रभान गाठोडं घेऊन निघालाच होता. मामा पाठ करून उभे होते. वच्छलानं रांजणाखालचा ओलाचिंब ठोकळा ओढून काढला. रांजण कलंडला, मामी ओरडल्या, पण ती थांबली नाही.

"मामा, गाडीतला एक ठोकळा काढा! एकच! मंग दादाले जाऊ द्या."

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इंद्रभाननं मात्र गाठोडं खाली ठेवलं, जॅक लावला आणि ठोकळा काढून दिला. वच्छलानं दोन्ही ठोकळे ओट्यावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यांच्यावर शालिग्रामची पाटी आडवी ठेवली. पाटी कलली! कडूबानं तिच्यावर चिंचोका ठेवला. तो घरंगळत गाडीतल्या ठोकळ्याच्या बाजूला गेला आणि टपकन खाली पडला.

एकाच मापाचे दोन ठोकळे, आणि एक करंगळीच्या नखाएवढा आखडलेला! वैशाखाच्या उन्हानं आवाज न करता, पाना न लावता नट ढिले केले होते.

मामा धपकन ओट्यावर बसले. "बैलगाडीले म्या ओलं लाकूड कधी लावलं असतं काय? मोटार पाह्यली आन माही अक्कल चरायले गेली!"

त्यांनी माळ्यावरचं वीस वर्षं वाळलेलं सागवान काढून दिलं. इंद्रभाननं नवे ठोकळे बसवले. आठ दिवसांनी पाना लावून पाहिला, तर एकही नट हलायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळी मामांनी मोटार चावडीपुढं थांबवायला लावली. मंडळी गोळा झाली. किसनरावांनी कधी कुणापुढं चूक कबूल केल्याचं गावाला आठवत नव्हतं. ते मोटारीच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

"याच जागी म्या इंद्रभानले खोटारडा म्हनलं होतं. थो खरा होता. चूक माही होती, आन थे या तीन लेकरांनी शोधून काढली."

वच्छलाला वाटलं, जॅकनं मोटार उचलली त्यात काहीच नवल नव्हतं. नवल हे होतं.

"पोरी, तुले तर इंजिनेर कराले पाह्यजे!" म्हातारे वामनराव काठी आपटत म्हणाले आणि सगळी चावडी हसली.

"चाल इंद्रभान, घे गाडी," मामा म्हणाले.

पण इंद्रभानदादाच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं, की त्याला समोरची वाटच दिसेना. सगळे थांबले. त्यानं बाहीनं डोळे पुसले, गाडी सुरू केली, आणि मगच मामा त्याच्या शेजारी बसले.