दोन महिने कोण उचलणार होतं?

"वहिनी, तू आईला मुद्दाम सोडलंस!" नणंदेचे हे शब्द कानांवर आदळले, तेव्हा ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसली होती, आणि तिच्या हातांतून निसटलेल्या सासूबाई शेजारीच कण्हत होत्या.

अर्धांगवायूने लुळा पडलेला तो देह दोन वर्षं तिनेच उचलला होता, त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. आज मात्र त्यांना उचलून उभी राहताच डोळ्यांपुढे काळोख दाटला आणि हात आपोआप सुटले... पण हे पटणार कुणाला? तिला चक्कर आली की नणंद म्हणायची, "कामाच्या वेळेलाच बरी येते हिला."

इस्पितळात कळलं, खुब्याचं हाड मोडलंय. "देवा, शिक्षा मला कर, त्यांना नको..." असं पुटपुटत ती भिंतीला टेकली आणि तिथेच कोसळली.

शुद्ध आली तेव्हा दंडाला पट्टा आवळलेला होता. वरचा आकडा ऐंशी, खालचा पन्नास.

"बीपी लो झालंय ना? मीठ-साखरेचं पाणी देते," नणंद तुटकपणे म्हणाली.

"त्याने भागणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बीपी इतकं उगीच उतरत नाही. उपासमार, जुलाब, एखादं औषध, हृदयाचं दुखणं... मागे काहीतरी असतंच. हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही." मग त्या तिच्याकडे वळल्या. "अंगावरून कधीपासून जातंय?"

तिने मान फिरवली. "आठ महिने."

"आणि कुणाला दाखवलं नाहीस?"

"दाखवलं होतं. पिशवीला गाठ आहे, ऑपरेशन करा म्हणाले. मग दोन महिने वजन उचलायचं नाही... दोन महिने आईंना कोण उचलणार होतं?"

नणंदेला सगळं आठवलं. रोज सकाळी आपण कामावर निघताना वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी असायची, आणि आपण तिला आळशी समजत होतो...

संध्याकाळी रक्ताची दुसरी पिशवी संपत आली, तरी नणंद वहिनीच्या खाटेपासून हलली नव्हती.

"ऑपरेशन करून घे, वहिनी. मी रजा टाकलीय. आईला घरी आणलं की मी उचलीन."

"तुम्हाला जमायचं नाही, वन्सं."

"मग शिकव."

डोळे मिटून ती हलक्या आवाजात सांगू लागली, "आधी त्यांचा हात आपल्या गळ्यात घ्यायचा. मग पाठीखाली हात घालून हळूहळू बसतं करायचं... घाई नाही करायची."

नणंदेने वाकून वहिनीचाच गार हात आपल्या गळ्यात घेतला, पाठीखाली हात घातला, आणि तिला हळूहळू, अगदी हळूहळू बसतं केलं.

"असं?" तिने विचारलं, आणि वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.